सडा आणि समुद्र : मालवणच्या अभयारण्याची न आखलेली हद्द

कसालहून या किंवा कुडाळहून, मालवणात शिरण्याआधी रस्ता कुंभारमाठच्या सड्यावरून जातो. दोन्ही बाजूंना जांभ्या कातळाची सपाटी, मधेच काजूची किंवा आंब्याच्या कलमांची बाग, चिऱ्यांचे गडगे. मग उतार लागतो, माड दिसू लागतात आणि थोड्याच वेळात सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी समोर येते. बहुतेक प्रवासी सड्याचा हा तुकडा केव्हा एकदा संपतो याची वाट पाहत ओलांडतात. मी मात्र गेली काही वर्षं याच तुकड्यात रेंगाळतो आहे. मला लिहायचं होतं ते मालवणच्या समुद्राविषयी. पण समुद्राबद्दल विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मला खाडीतून व्हाळात, व्हाळातून झऱ्याकडे आणि शेवटी सड्यावर घेऊन गेला.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं हे सागरी अभयारण्य एकूण २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र म्हणून धरला आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक या गाभ्यात येतात. अभयारण्य ज्याला म्हणायचं ते सगळं पाण्यात किंवा पाण्याने वेढलेलं. किनाऱ्यामागचा डोंगर त्यात नाही. कायद्याच्या दृष्टीने समुद्र किनाऱ्यापाशी सुरू होतो. पाण्याच्या दृष्टीने तो कुठे सुरू होतो, हा या लेखाचा विषय आहे.

झिजून घडलेला डोंगर

सह्याद्रीच्या मानाने कोकणातला सडा म्हणजे टेकाडच. माथा तासून काढल्यासारखा सपाट, कडा एकदम उतरत्या. हा माथा ज्या दगडाचा, त्याला आपण जांभा म्हणतो आणि कापून काढला की चिरा. शास्त्रीय भाषेतलं त्याचं ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्य-प्रवाशाने १८०७ साली रूढ केलं. केरळातल्या अंगाडिपुरम इथे लोक जमिनीतून विटा कापाव्यात तसा हा दगड कापत होते. लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. ओला असताना हा दगड हत्याराने सहज कापला जातो आणि उन्हावाऱ्यात पडला की टणक होतो. कोकणातली घरं, विहिरी, देवळांचे चौथरे या एका गुणावर उभे आहेत.

पण जांभा घडतो कसा, हे समजून घेतल्यावर मला सड्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागलं. बेसॉल्टसारखा दगड थंड होऊन तयार होतो, वाळूचा खडक थरावर थर साचून होतो. जांभा तयार होतो तो काहीतरी निघून गेल्यामुळे. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात मूळ खडकातून पाणी अखंड झिरपत राहतं. विरघळणारं ते सगळं हळूहळू वाहून जातं. त्यात कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम तर जातंच, पण सिलिकाही जाते. मागे उरतात ती मुख्यतः लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं. दगडाचा लाल रंग लोखंडाचा. त्यातली भोकं म्हणजे निघून गेलेल्या द्रव्यांच्या वाटा. सड्यावर आपण उभे असतो तेव्हा एका खडकाच्या शिलकीवर उभे असतो. बाकीचा खडक लाखो वर्षांत पाण्याबरोबर खाली गेला, आणि तो कुठे गेला याचं उत्तर समुद्रात आहे. त्याकडे पुढे येऊ.

वैशाखात हा सडा मेल्यासारखा दिसतो. पावसाचे पहिले चार-सहा दिवस गेले की कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं आणि बोटभर मातीत गवत, तेरडा, गेंद, आभाळी उगवू लागतात. निळसर-जांभळ्या फुलांची ‘सीतेची आसवं’ ही इवलीशी वनस्पती तर कीटक पकडून पोट भरते. इथल्या मातीत नत्र इतकं कमी की मुळांवर भागत नाही. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ही सगळी सृष्टी त्या चार महिन्यांत उगवते, फुलते, बी धरते आणि दिवाळीपर्यंत वाळून जाते. उरलेले आठ महिने जो कोणी सड्यावर येतो, त्याला तिथे काहीच दिसत नाही. सड्याच्या नशिबी पुढे जे आलं, त्याची सुरुवात या ‘काहीच नाही’पासून झाली.

माणसाला मात्र हे पूर्वापार असं वाटत नव्हतं. मालवण तालुक्यातल्याच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची जी स्थळं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, त्यांत कुडोपीचा समावेश आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर कोरलेल्या आकृत्यांत हत्ती, वाघ यांच्याबरोबर मासे आहेत, मुशी आहेत, पाकट आहेत. डोंगरावर बसून ज्यांनी पाकट कोरला, त्यांच्या मनात डोंगर आणि समुद्र ही दोन खाती नव्हती.

झरा, वायंगण, व्हाळ, खाडी

जांभा सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेल्या पावसाचा बराच भाग आत मुरतो. जांभ्याच्या टणक थराखाली मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती असते. तिथे पाणी अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कोकणातल्या वाड्या याच पायथ्याशी का वसल्या, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. वर वरकस जमीन, नाचणी-वरीपुरती. उतारावर काजू, आंबा, एखादी देवाची राई. पायथ्याशी झरा, विहीर आणि घर. त्याच्या पुढे भाताचे कुणगे. मग माडाची बाग आणि शेवटी खाडी किंवा पुळण.

दिवाळी संपली की व्हाळावर दगड, माती आणि पालापाचोळ्याचे कच्चे बांध घालून पाणी वळवायचं आणि भाताचं दुसरं पीक घ्यायचं, याला वायंगणी शेती म्हणतात. पाऊस थांबून दोन-तीन महिने झाल्यावरही व्हाळ वाहतो, तो सड्याने धरून ठेवलेल्या पाण्यावर. व्हाळ लवकर आटला तर आधी वायंगण जातं, मग विहिरीचा तळ दिसतो. एका शेतकऱ्याने मला सांगितलं की त्याच्या आजोबांच्या वेळी बांध घालायला सारी वाडी जमायची. आता पंप आहे, पण खालचं पाणीच पुरत नाही.

मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे, आणखी वर तळाशीलपाशी गड नदी समुद्राला मिळते. दक्षिणेला देवबागच्या टोकाशी कर्ली नदीचं मुख आहे. गड आणि कर्ली सह्याद्रीतून येतात, त्यामुळे त्यांच्या पाण्यात घाटापासूनची माती असते. मात्र किनाऱ्याजवळचे सडे आपले व्हाळ थेट खाडीत किंवा थेट पुळणीवर सोडतात. या व्हाळांचा प्रवास तासाभराचाच. वर जे सुटेल ते गाळायला वाटेत फारसं काही नसतं. खाडीकाठची कांदळ आणि चिपीची झाडी हीच शेवटची गाळणी. खारफुटीच्या मुळांत पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि मासळीची पिल्लं त्या आडोशाला वाढतात.

पाण्याचा आणखी एक प्रवास डोळ्यांना दिसत नाही. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली, आणि मधल्या वाळूत गोड्या पाण्याच्या विहिरी. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं कौतुक आपण चमत्कार म्हणून करतो. १६६४ साली कुरटे बेटाची निवड झाली तेव्हा पाण्याचा हिशेब नक्कीच केलेला असणार. समुद्रात किल्ला बांधायचा तर तट बांधता येतो, पाणी मात्र बेटाचं बेटालाच असावं लागतं.

पाण्याखालचं मालवण

आता समुद्रात उतरू. मालवणचा किनारा सरळ वाळूचा नाही. किल्ल्याभोवती आणि दक्षिणेकडे खडकांच्या रांगा पाण्यात डोकं वर काढून किंवा बुडून उभ्या आहेत. या खडकांमुळेच इथे कालवं, शेवाळं, समुद्रफुलं, शेवंडं आणि खडकात राहणारी मासळी टिकते. याच खडकांवर प्रवाळही आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध केली. तोपर्यंत भारतात प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात इतकीच नावं पुढे येत. महाराष्ट्राच्या गढूळ समुद्रात प्रवाळ असतील असं सहसा कुणाला वाटत नसे.

न वाटण्याला कारण होतं. दगडी प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रवाळाच्या अन्नाचा मोठा भाग तीच पुरवतात. शैवालाला ऊन लागतं, म्हणून प्रवाळाला स्वच्छ पाणी लागतं. गाळ वाढला की दोन गोष्टी होतात. एक तर पाण्यातून उतरणारा प्रकाश कमी होतो. दुसरं, अंगावर बसलेला गाळ झटकण्यासाठी प्रवाळाला चिकट स्राव सोडत राहावा लागतो, आणि वाढीसाठी असलेली ताकद त्यात खर्च होते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा थर पसरतो, तेही प्रवाळाला मानवत नाही. त्यात समुद्र नेहमीपेक्षा तापला की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मालवणमध्ये असं विरंजन नोंदलं गेलं आहे.

मालवणचे प्रवाळ लक्षद्वीपसारखे रंगीत बागा करत नाहीत. पोराइटिससारख्या गाळ सोसणाऱ्या जातींचे ते विखुरलेले, खडकाला बिलगलेले गोळे आणि चकत्या आहेत. दर पावसाळ्यात ते आपल्या सहनशक्तीच्या काठावर जगतात आणि ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की पुन्हा सावरतात. इथेच सडा आणि समुद्र यांचा हिशेब जुळतो. काठावर जगणाऱ्याला थोडा जास्त गाळही जास्तच असतो.

पण सड्याकडून येतं ते सगळं वाईटच असतं असं मानणं मोठी चूक ठरेल. जांभा घडताना सिलिका निघून जाते असं वर म्हटलं. समुद्रात डायअ‍ॅटम नावाचं एकपेशीय शैवाल असतं आणि त्याचं कवच सिलिकाचं असतं. नद्या-व्हाळांनी आणलेली विरघळलेली सिलिका हा त्याचा कच्चा माल. पावसाळ्यात आणि त्यानंतर किनाऱ्याजवळ डायअ‍ॅटम वाढतात आणि आपली तारली मुख्यतः त्यांच्यावर पोसली जाते. तारलीवर मोठी मासळी जगते आणि तारलीवर माणूसही जगतो. सड्यातून निघून गेलेला खडक असा फिरून मालवणच्या ताटात येतो. फरक आहे तो विरघळून आलेल्या आणि उकरून आलेल्या गोष्टीत. झऱ्यातून निथळत आलेलं पाणी समुद्राला खाऊ घालतं. उघड्या पडलेल्या मातीवरून धावत आलेलं पाणी त्याच्या तोंडावर पांघरूण घालतं. मालवणचे जुने रापणकर हा फरक पुस्तकाशिवाय ओळखतात. तांबडं पाणी किती दूर गेलं आणि किती दिवस राहिलं, यावर ते पाऊस जोखतात.

तीन कायदे, तीन माणसं

आता कागदांकडे वळू. समुद्राला वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. प्रवाळ २००१ साली या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे त्यांना वाघाइतकं संरक्षण मिळालं. किनाऱ्याच्या पट्टीला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. ते भरतीरेषेपासून जमिनीकडे पाचशे मीटरपर्यंत पोचतात, खाडीकाठी त्याहूनही कमी. त्याच्या वर सडा. तिथे महसूल खातं आहे, गौण खनिजाचे परवाने आहेत आणि सातबाऱ्यावर ‘वरकस’ किंवा ‘पोटखराब’ असा शेरा आहे. जे पिकत नाही ते खराब, ही या शेऱ्यामागची जुनी समजूत. पाणी धरणं हे पीक म्हणून सातबाऱ्यावर चढत नाही.

चिऱ्याची खाण म्हणजे सड्याचा टणक माथा काढून नेणं. पूर्वी हे काम हाताने आणि घरापुरतं होत असे. आता यंत्राची चक्री फिरते आणि चिरे ट्रकने दूरवर जातात. चिरा निघाला की खालची मऊ माती उघडी पडते. पहिल्या पावसात ती व्हाळात उतरते. बागेसाठी कातळ फोडून आणि बाहेरून माती आणून भरली, किंवा रस्त्यासाठी उतार उभा कापला, तरी हेच होतं. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी पोटाची आहे. सड्याचा मालक बहुधा मुंबईत असतो, जमीन दहा हिश्शांत वाटलेली असते, आणि आयुष्यात एकदा त्या कातळाचे पैसे होण्याची शक्यता खाणीमुळे निर्माण होते. त्याला खलनायक ठरवून काही साधत नाही.

खाली किनाऱ्यावर दुसरा माणूस आहे. १९८७ पासून मालवणच्या मच्छीमाराने अभयारण्याकडे संशयाने पाहिलं आहे आणि त्याचा विरोध पुन्हापुन्हा उफाळला आहे. १९९१ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन सागरी हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची तरतूद आली. मालवणचं अभयारण्य त्याआधीच जाहीर झालेलं होतं. रापणकराची तक्रार साधी आहे. तो किनाऱ्यावरून जाळं ओढतो, जून-जुलैत बंदी पाळतो, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन समुद्रात जातो. पर्ससीनच्या बोटींनी तारली-बांगड्याचे थवेच्या थवे उचलले, तेव्हा त्यानेच आंदोलन केलं. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, त्यामागे किनारपट्टीवरच्या पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. समुद्र राखण्याची गरज त्याला पटवून द्यावी लागत नाही. त्याला पटत नाही ते हे, की राखणीचा सगळा भार त्याच्या जाळ्यावर पडतो आणि वरून येणाऱ्या तांबड्या पाण्याला मात्र कुणी विचारत नाही.

तिसरा माणूस या दोघांच्या मधला, नव्या मालवणचा. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग सुरू झालं, तारकर्लीला स्कूबा शिकवण्याची सोय झाली. रापणकराच्या मुलाला प्रवाळ दाखवून चार पैसे मिळू लागले. नांगर टाकताना आणि पाय टेकवताना प्रवाळ मोडतात हे खरं. तरीही ज्याचं पोट निवळशंख पाण्यावर अवलंबून आहे असा माणूस मालवणात पहिल्यांदाच तयार झाला, हेही खरं. डिसेंबरात पाणी गढूळ राहिलं तर त्याचा दिवस बुडतो. हॉटेल बांधायला लागणारा चिरा मात्र सड्यावरूनच येतो, आणि कित्येकदा त्याच्याच भावकीच्या सड्यावरून.

हे तिघं अनेकदा एकाच घरातले असतात. म्हणून मला वाटतं, ‘निसर्ग विरुद्ध माणूस’ हा वाद मालवणात चुकीच्या जागी उभा केला गेला. खरी फट कायद्याच्या दोन हद्दींमध्ये आहे. समुद्रावर नियम आहेत आणि त्या नियमांना मुकाट्याने सामोरा जाणारा मच्छीमार आहे. सड्यावर काम आहे, पैसा आहे, पण त्या कामाचा परिणाम जिथे पोचतो तिथे जाब द्यायला कुणी नाही.

हद्द पाण्यावरून आखली तर

सडाही अभयारण्यात घाला, असं मी सुचवत नाही. आणखी एक हद्द आखून आणखी एका माणसाला संशयित करण्याने काही मिळणार नाही. मला सुचतं ते याहून साधं आहे. अभयारण्यात उतरणारे व्हाळ मोजके आहेत. प्रत्येक व्हाळाचं पाणी कोणत्या सड्यावरून येतं हे त्या वाडीला ठाऊक असतं. चिऱ्याच्या खाणीचा परवाना देताना खाली कोणता व्हाळ आहे आणि तो कुठे मिळतो, एवढी नोंद सक्तीची केली तरी बरंच घडेल. खाणीची कड व्हाळापासून लांब ठेवणं, उघडी माती पावसाआधी बांध घालून अडवणं, काम संपलेल्या खाणीत पाणी साठू देणं यात नवं तंत्रज्ञान कुठलंच नाही. वायंगणासाठी बांध घालणाऱ्या माणसांना हे सगळं येतं. झऱ्याच्या डोक्यावरची राई तोडायची नाही, हा नियम तर देवाच्या नावाने आधीच केलेला आहे.

आणि त्या परवान्याच्या बैठकीत रापणकराला एक खुर्ची असावी. आज त्याला समुद्राच्या बैठकीला बोलावतात, तेही निर्णय झाल्यावर. सड्याच्या बैठकीत त्याचं काय काम, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे : त्या सड्याचं पाणी शेवटी ज्याच्या जाळ्यात येतं, त्याला वर काय चाललं आहे हे विचारण्याचा हक्क आहे.

अभयारण्य या शब्दात अभय आहे. मालवणच्या समुद्राने गेल्या चार दशकांत ते कागदावर मिळवलं, मच्छीमाराला मात्र त्याच कागदाचं भय वाटत राहिलं. सडा विचारात घेतला तर हे भय थोडं कमी होण्याची शक्यता आहे, कारण मग राखणीचा भार एकट्या त्याच्यावर राहत नाही. जांभ्याला घडायला लाखो वर्षं लागली. चक्रीला एक सडा उतरवायला फार वर्षं लागत नाहीत, आणि खालच्या खडकांवरच्या प्रवाळांना दर जूनमध्ये तांबडं पाणी उतरण्याची वाट पाहावी लागते. ते किती दिवसांत निवळायचं, याचा निर्णय वर सड्यावर होत असतो.